बंदुकीच्या दस्त्यातलं दार

माझं लग्न ठरताना सासरच्या माणसांनी सगळं सांगितलं होतं. पालघरजवळ कोळगावात स्वतःचं घर आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे, चिकूची वाडी आहे, मुलगा तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर सामानाच्या भांडारात कामाला आहे. बंदुकीचं मात्र कोणी बोललं नव्हतं. ती मला माप ओलांडून आत आल्यावर दिसली. माजघरात देवांच्या तसबिरी होत्या, आणि तसबिरींच्याही वर दोन खुंट्यांवर आडवी, हळदकुंकू लावलेली बंदूक. मी रीतीप्रमाणे देवांपुढे वाकले, तर सासरे खाकरले. "आदी वरच्याला," ते म्हणाले. गिरगावात वाढलेली, बी.ए. झालेली मी, संसाराचा पहिला नमस्कार थ्री-नॉट-थ्रीला करून बसले.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. माणूस कष्टाळू आणि मनाचा चांगला, फक्त बंदुकीचा विषय निघाला की समोरच्याची सुटका नसे. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या महायुद्धात त्यांचे वडील पलटणीबरोबर बसऱ्याला गेले, तिथे तुर्कांशी लढले आणि गोऱ्या कप्तानाने खूश होऊन स्वतःच्या हाताने त्यांना ही बंदूक बक्षीस दिली. मी लग्न होऊन आले त्या वर्षी आजेसासऱ्यांनी बसऱ्याला एकच तुर्क मारला होता. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांनी बरेच मारले. पाकिस्तानशी लढाई झाली त्या वर्षी तर बसरा त्यांनी जवळजवळ एकट्यानेच घेतला. खुद्द आजेसासरे मी येण्याच्या कितीतरी आधी वारले होते, त्यामुळे मामंजींना थांबवणारं कोणी नव्हतं.

बंदूक चालत नव्हती. परवान्याच्या अटीप्रमाणे तिच्या आतली सुई पोलिसांनी काढून घेतली होती आणि नळीत शिसं ओतून ती बुजवली होती. तिच्याने आता माणूस मरण्यासारखा नव्हता, पण भाऊबंदकी मात्र चांगली पेटत होती.

भाऊबंद म्हणजे शेजारचे चुलत मामंजी, माझ्या सासऱ्यांचे धाकटे चुलतभाऊ. दोन घरांच्या मध्ये एक मेंदीचं कुंपण होतं आणि त्या कुंपणावरून रोज काही ना काही पलीकडे फेकलं जाई, बहुतेक वेळा शब्द. चुलत मामंजींचं म्हणणं असं, की काका पलटणीत गेले होते हे खरं, पण शिपाई म्हणून नव्हे, लांगरी म्हणून. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. "बंदूक नाय, पळी घेऊन गेलेला माजा काका," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत. मामंजी तेव्हा हातातलं काम टाकून आत येत आणि भिंतीकडे बघत उभे राहत. मला ते बघवत नसे. वडिलांचा एक फोटोसुद्धा त्यांच्याकडे नव्हता. वडील म्हणून जे काही उरलं होतं ते त्या दोन खुंट्यांवर होतं.

दसऱ्याला या भांडणाला धार चढे. आमच्या गावात संध्याकाळी सगळे पुरुष शिवेवरच्या आपट्याकडे सोनं लुटायला जात आणि सर्वांत पुढे एका घराचं शस्त्र असे. पूर्वी हा मान चुलत मामंजींच्या घरच्या तलवारीचा. पण लढाई झाल्यापासून गावाला सैनिकांचं एकाएकी फार प्रेम वाटू लागलं होतं. खाकी कपड्यातला पोस्टमन दिसला तरी लोक आदराने बाजूला होत. त्या भरात गावाने ठरवलं की तलवार जुनी झाली, यापुढे बंदूक पुढे. चुलत मामंजींनी तो अपमान गिळला, पण पचवला नाही.

दसऱ्याच्या सकाळी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजली जात. नांगराचा फाळ, कोयते, पहार, माझ्या नवऱ्याची सायकल, माझ्यासाठी म्हणून दोन पुस्तकं आणि सगळ्यांच्या मधोमध बंदूक. पूजेला बसलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही असा कडक नेम होता. त्याला विश्रांती. पाटावरची बंदूक संध्याकाळी शिवेपर्यंत जाई तीही खांद्यावरून, चालून नव्हे, असं मामंजी समजावून सांगत. त्यामुळे पुरुष दिवसभर पडवीत बसून असत, कारण बिचाऱ्यांची हत्यारं पाटावर होती. बायका चुलीपुढे, कारण आमची नव्हती.

बंदूक घासण्याचं काम सासूबाईंकडे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या ती परातीत घेऊन बसत आणि चिंच, राख आणि नारळाच्या शेंडीने देवाच्या भांड्यांसारखी लखलखीत करत. मग वरून खोबरेल तेल. दस्त्याच्या एका अंगाला एक वाटोळं मेडल स्क्रूने बसवलेलं होतं, त्यावर कुंकू लावून लावून त्याचा लाडू झाला होता. सासूबाई तोंडाने फटकळ होत्या, पण बंदुकीबद्दल त्यांनी कधी चांगलं की वाईट अक्षर काढलं नाही. मला वाटे, आपल्या नवऱ्याच्या खुळाला काय बोलायचं, म्हणून गप्प असतील.

त्या वर्षी गणपती उठल्यावर देवळात बैठक झाली आणि चुलत मामंजींनी उठून विचारलं, "बंदूक शिपायाची, याला पुरावा काय?" गावाला भांडण आवडतंच. ठरलं असं, की मामंजींनी दसऱ्यापर्यंत बंदूक अस्सल असल्याचं दाखवून द्यावं. नाही जमलं तर मान परत तलवारीकडे. मामंजी घरी आले ते गोरेमोरे होऊन. "मान गेला तर गेला," ते मला म्हणाले, "पण गाव माज्या बापाला खोटा म्हणंल, सूनबाय." तुर्क मारणारे वडील त्यांनी स्वतःच रचले होते, आणि आता त्यांचं काय होणार या काळजीने त्यांची झोप उडाली.

उपाय माझ्या नवऱ्याने काढला. बांधकामावर एक अमेरिकन साहेब होता. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात तशा त्याने मायदेशी जुन्या लष्करी बंदुका जमवल्या होत्या. बंदूक मूळची कुठली, तिचा कुठला भाग अस्सल आणि कुठला मागून चिकटवलेला, हे तो बघून सांगतो अशी ख्याती होती. नवऱ्याने विचारलं आणि साहेब आनंदाने तयार झाला. तारापूरला रविवारी करायला दुसरं होतं तरी काय?

साहेब जीपने आला. अर्धं गाव आमच्या अंगणात, चुलत मामंजी सर्वांत पुढे, घरून स्वतःचा पाट घेऊन आलेले. दुभाषी मी, कारण इंग्रजी येणारी घरात मी एकटी. नवऱ्याचं इंग्रजी नटबोल्टांपुरतं होतं. सासूबाईंनी साहेबाला तळलेले बोंबील दिले. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्याने ते संपवले, तेव्हाच तो मनाने सज्जन आहे हे मला कळलं.

मामंजींनी बंदूक दोन्ही हातांवर घेऊन, तान्हं मूल द्यावं तशी त्याच्या मांडीवर ठेवली. साहेबाने भिंग काढलं. आम्ही आजवर बंदूक नळीच्या बाजूने बघायचो, हा दस्त्याकडून बघू लागला. मग मला म्हणाला, अस्सल लष्करी बंदुकीच्या सगळ्या मोठ्या भागांवर एकच नंबर ठोकलेला असतो. नळीवर, बोल्टच्या दांडीवर, तोंडाजवळच्या टोपीवर. नंबर जुळले की भाग एकाच बंदुकीचे. त्याने बोल्टची दांडी उजेडात धरली. तिथे आरशासारखं गुळगुळीत होतं. "इथला नंबर कोणी खरवडला?" त्याने विचारलं.

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी चिंचेच्या झाडाकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या भक्तीने आम्ही पुरावाच घासून टाकला होता. साहेबाला मी सांगितलं की ही आमची पूजेची पद्धत आहे. त्याने डोळे मिटून घेतले. जमवणारी माणसं गंजाला हात लावत नाहीत, जुन्या बंदुकीची किंमत तिच्या मळकटपणात असते, असं तो हळू आवाजात म्हणाला. हे मी मराठीत आणलं नाही. सासूबाईंना कोणी असं काही सांगितलं असतं तर त्यांनी साहेबालाच परातीत घेतला असता.

जिथे चिंच पोहोचली नव्हती तिथे नंबर होते, पण प्रत्येक ठिकाणी वेगळा. नळी एका बंदुकीची, टोपी दुसरीची, नेम धरायची पट्टी तिसऱ्याच कारखान्याची. पुढचं लाकूड तर बंदुकीचं नव्हतंच. ते वाळवीने खाल्लं म्हणून आजेसासऱ्यांनी दातिवऱ्याला होड्या बांधणाऱ्या सुताराकडून नवं करून घेतलं होतं, आणि त्याने सवयीने त्याच्या फटीत कापूस आणि राळ भरली होती. साहेबाने नखाने ती टोकरून बघितली. "पाण्यात पडली तरी बुडणार नाही," तो म्हणाला. एकंदरीत ही एक बंदूक नव्हती, एकत्र कुटुंब होतं. निरनिराळ्या घरची मंडळी एका छपराखाली राहत होती आणि एकमेकांशी जुळत नव्हती.

"काय म्हणतो?" मामंजींनी विचारलं.

"साहेब म्हणतात, हिच्यात बऱ्याच बंदुकांचा अंश आहे."

"बगा!" मामंजी गावाकडे वळले. "येवड्या तुर्कांच्या बंदुका हिसकावल्या!"

मग साहेब मेडलकडे आला. खऱ्या बंदुकीत त्या जागी एक पितळी चकती असते, तिच्यावर पलटणीचं नाव ठोकतात, असं त्याने सांगितलं आणि काडीने कुंकवाचा लाडू फोडला. आत भोकाचा पैसा निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेला, आम्ही लहानपणी ज्याने शेंगदाणे घेतले तोच. मूळची चकती हरवली म्हणून आजेसासऱ्यांनी खाचेत तो बसवून भोकातून स्क्रू पिळला होता. हे भाषांतर करायची वेळ माझ्यावर आलीच नाही. पैसा सगळ्यांनी ओळखला. अंगणात हशा पिकला आणि मामंजींचे कान लाल झाले. ते खाली बघून धोतराच्या काठाशी चाळा करू लागले. मला त्या हसणाऱ्या गावाचा आणि त्या भिंगाचाही भयंकर राग आला.

साहेबालाही वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, दस्ता मात्र खरा आहे, अक्रोडाचा आहे, आणि दस्त्यात दार असतं ते बघू. दार? आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. दस्त्याच्या मागच्या टोकाला, जो भाग खांद्याला टेकतो तिथे, पितळेची पट्टी होती आणि पट्टीत अंगठ्याएवढी झाकणी. शिपाई त्या झाकणीआड पोकळीत बंदूक साफ करायचं सामान ठेवतात. पण आमची झाकणी खोबरेल आणि हळदीच्या थराखाली गाडली गेली होती. साहेबाने अंगठा लावला, मग चाकू. शेवटी सासूबाईंनी कढत पाणी ओतलं आणि उलथन्याच्या टोकाने ती टचकन उघडली.

आतून आधी दोरी निघाली, नीट गुंडाळलेली, टोकाला पितळेचं वजन असलेली. ही नळीतून ओढून नळी पुसतात, पलटणीत हिला फुलथ्रू म्हणतात, असं गावातला एक निवृत्त पोलीस मागून ओरडला. मग साहेबाने दोन बोटं आत घातली आणि एक छोटी पितळी बाटली बाहेर काढली. तेलाची बाटली. तिच्यावरचा ठसा भिंगातून बघून तो उठून उभाच राहिला. अस्सल! बाटली अस्सल, दोरी अस्सल, दोन्ही त्याच काळची. इतकी चांगली आपण पाहिलेली नाहीत, असं तो म्हणाला. जे आमच्या पूजेच्या हाती लागलं नव्हतं तेवढंच काय ते शाबूत राहिलं होतं.

"अस्सल आहे," मी मोठ्याने सांगितलं. मामंजींनी मान वर केली. चुलत मामंजी पाटावरून अर्धे उठले. साहेबाने हसत बाटलीचं झाकण पिळलं. झाकणाला आतून तेल घ्यायची बारीक पळी असते ती त्याला आम्हाला दाखवायची होती.

तेल नव्हतं. त्याने नाकाशी बाटली नेली आणि झटकन लांब केली. काहीतरी सडलं आहे, असं तो मला म्हणाला. पण तोपर्यंत वास अंगणभर झाला होता, आणि त्याला भाषांतर लागत नव्हतं. हिंग. अंगणातल्या प्रत्येक माणसाने तो त्याच सकाळी आमटीत खाल्ला होता. बाटलीच्या तळाशी काळपट पिवळा खडा चिकटून बसला होता, आणि बंदुकीच्या तेलाची ती पळी हिंगाने माखलेली होती.

"आता झाली ना खातरी?" चुलत मामंजी शांतपणे म्हणाले. "बंदुकीत हिंग ठेवणारा शिपाय कुटं बगितला का कोनी? लांगरी व्हता माजा काका. लांगरी."

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबाने ती बाटली आपल्या संग्रहासाठी मागितली. मामंजींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, मूठ मिटली आणि ते मागच्या दाराने विहिरीकडे निघून गेले.

दिवेलागण झाली तरी ते विहिरीच्या काठावर बसून होते. मी घागर घेऊन गेले तर सासूबाई तिथे आधीच उभ्या होत्या. मी थबकले.

"जेवायला चला," त्या म्हणाल्या.

"गावापुढं माज्या बापाचं नाक कापलं."

"मना म्हायत व्हतं," सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी वर बघितलं.

"मी या घरात आले तवा मना धड पाणी तापवता येत नव्हतं. तुमची आय गेलेली. तुमी वाडीत गेले का माजे मामंजी येऊन चुलीपुडं बसायचे. डाळ कवा उतरायची, फोडणी कवा द्यायची, समदं त्येंनी शिकवलं. येकदा मी हिंग जास्त घातला तं हसले. म्हणाले, पोरी, येवडा हिंग पलटणीला लागतो. रानात पाऊस लागला का हिंग भिजतो, म्हणून बाटलीत जपून ठेवायचा, ह्ये बी त्येंनीच सांगितलं. बाटली कुटं हाय ते मी इचारलं नाय."

"मंग मना बोलली का नाय?"

"त्येंनी नको सांगितलं. म्हणाले, माज्या पोराला बंदूक आवडते, ऱ्हाऊ दे." सासूबाईंनी पदर खोचला. मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आन लांगरी म्हंजे काय शिवी हाय का वो? रोज दोन टायम रांदते मी. मंग मी कोन हाय या घरात?"

मामंजींनी मिटलेली मूठ उघडून बाटलीकडे बघितलं. मी घागर रिकामीच घेऊन परत आले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी सवयीने परात काढली, तर मामंजींनी खुंटीवरची बंदूक उतरवू दिली नाही. सकाळी आंघोळ करून त्यांनी पाट मांडला. फाळ, कोयते, पहार, सायकल, माझी पुस्तकं. मधली जागा रिकामी. मग ते सोवळं नेसलेले तसेच स्वयंपाकघरात शिरले. या घरात पुरुष स्वयंपाकघरात जात ते फक्त पाणी मागायला, आणि तेही उंबऱ्यापर्यंत. ते बाहेर आले तेव्हा हातात सासूबाईंचा आमटीचा डाव होता, दांडा काळा पडलेला. त्यांनी तो पाटाच्या मधोमध ठेवला, शेजारी ती पितळी बाटली ठेवली, आणि दोन्हींना हळदकुंकू वाहिलं.

"अवो, ह्ये काय करता?" सासूबाई धावत आल्या. "आमटी ढवळायची हाय मना!"

"आज नाय," मामंजी म्हणाले. "पाटावरच्या हत्याराला आज हात लावायचा नाय. नेम हाय."

सासूबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. हा नेम मोडायची हिंमत कोणाचीच नव्हती, कारण तो इतकी वर्षं सगळ्यांच्या सोयीचा होता. मग जेवणार काय? मामंजींनी धोतर खोचलं आणि ते चुलीपुढे बसले. माझ्या नवऱ्याला त्यांनी कांदे चिरायला लावलं. तारापूरचं एवढं मोठं भांडार सांभाळणाऱ्या माणसाला घरात विळी कुठे असते ते माहीत नव्हतं. आमचा डाव आणि आमचा हिंग पाटावर, म्हणून मामंजींनी कुंपणावरून चुलत मामंजींना हाक मारली आणि डाव आणि हिंग मागितला. चुलत मामंजी स्वतः घेऊन आले. आले ते परत गेले नाहीत. चुलीत फुंकर घालत बसले आणि दादा, धूर होतोय, दादा, करपतंय, असं सांगत राहिले.

संध्याकाळी तलवारच पुढे जाणार होती. ती म्यानात गंजून बसली होती, काही केल्या बाहेर येईना, त्यामुळे शिवेवर नुसतं म्यानच मिरवलं. पण ते नंतर.

दुपारी सासूबाई पडवीत बसल्या होत्या. त्या काही न करता बसलेल्या मी पहिल्यांदाच बघत होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं. एकदा मांडीवर ठेवले, एकदा पदराखाली घेतले, शेवटी माझ्या हातातला पंखा ओढून घेतला. मामंजींनी पान आणून त्यांच्यापुढे मांडलं. आम्हा कोणाच्याही आधी, शेजारच्या चुलतभावाच्याही आधी. त्यांनी भातावर आमटी वाढली आणि डाव हातात धरून बाजूला उभे राहिले.

सासूबाईंनी घास घेतला. सावकाश चावला.

"मीठ जास्त झालं," त्या म्हणाल्या. मग दुसरा घास घेतला. "हिंग बराबर पडलाय. त्येंच्यावानी."

मामंजींच्या डोळ्यांत पाणी आलं. चूल जवळ नव्हती, धुराचं निमित्त सांगायची सोय नव्हती. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि विचारलं, "आजून वाडू?"